मेकॅनिकल कीबोर्डवर गेमही आणि मराठीही : या चुका टाळा

मेकॅनिकल कीबोर्ड, म्हणजे प्रत्येक बटणाखाली स्वतंत्र स्विच असलेला कीबोर्ड, घेताना बहुतेकांच्या डोळ्यांसमोर गेम असतो. घरी आल्यावर मात्र त्याच कीबोर्डवर दिवसभर ईमेल, एक्सेल आणि मराठी मजकूर टाइप होतो. तक्रारी सुरू होतात त्या इथे. ओळखीच्यांचे कीबोर्ड तपासायची मला सवय आहे आणि ‘खराब निघाला’ म्हणून माझ्याकडे आलेल्यांपैकी कितीतरी ठणठणीत होते. कुठे सेटिंग चुकलं होतं, कुठे निवड.

खेळता खेळता बटणं चालेनाशी होतात

ही तक्रार एकाहून अधिक भाषा असलेल्या संगणकावरच येते, म्हणून इंग्रजी व्हिडिओंत तिचं उत्तर सहसा मिळत नाही. विंडोजमध्ये डावं ऑल्ट आणि शिफ्ट एकत्र दाबलं की भाषा बदलते. गेममध्ये शिफ्टने धावायचं असतं, ऑल्टवर आणखी काहीतरी नेमलेलं असतं. ऐन धुमश्चक्रीत करंगळी आणि अंगठा एकदम पडले की इंग्रजीची मराठी होते. काही गेमना त्याने फरक पडत नाही, फक्त चॅटमध्ये मराठी उमटायला लागते. पण मराठी फोनेटिक (इंग्रजी अक्षरांत लिहून मराठी उमटवायची सोय) चालू असेल, तर दाबलेली अक्षरं आधी शब्द जुळवणाऱ्या प्रोग्रामकडे जातात आणि खेळाडू जागच्या जागी उभा राहतो.

उपाय एकदाच करायचा आहे. सेटिंग्जमध्ये टाइम अँड लँग्वेज, मग टायपिंग, मग ॲडव्हान्स्ड कीबोर्ड सेटिंग्ज आणि तिथून इनपुट लँग्वेज हॉट कीज उघडा. डाव्या ऑल्ट-शिफ्टची जोडी ‘नॉट असाइन्ड’ करून टाका. भाषा बदलायला विंडोज आणि स्पेस ही जोडी राहतेच. त्याच पानावर प्रत्येक ॲपसाठी वेगळी भाषा लक्षात ठेवण्याचा पर्यायही आहे. तो चालू केला की वर्डमध्ये मराठी आणि गेममध्ये इंग्रजी सुखाने नांदतात.

याच्या उलट तक्रारही येते : ‘नवा कीबोर्ड लावल्यापासून मराठी येतच नाही.’ गेमिंग कीबोर्डला विंडोज बटण कुलूपबंद करायची सोय असते, बहुधा एफएन आणि विंडोज एकत्र दाबून. खेळताना चुकून डेस्कटॉप उघडू नये म्हणून ती दिलेली असते. ते कुलूप लागलेलं राहिलं की विंडोज-स्पेस चालत नाही आणि भाषा बदलत नाही. तीच जोडी पुन्हा दाबा. तसंच डब्ल्यू-ए-एस-डी दाबल्यावर अक्षरांऐवजी कर्सर हलायला लागला, तर काही कीबोर्डांवर एफएन-डब्ल्यूने बाणांची आणि या चार बटणांची अदलाबदल झालेली असते. ऑल्ट आणि विंडोज एकमेकांच्या जागी गेले असतील, तर कीबोर्ड मॅकच्या मोडमध्ये गेलेला आहे. माहितीपत्रक फेकू नका, या सगळ्या जोड्या त्यातच असतात.

दिसायला सुबक म्हणून लहान कीबोर्ड घेणं

६० टक्के आकाराचा कीबोर्ड टेबलावर छान दिसतो, माउसला जागाही भरपूर मिळते. पण त्यात बाणांची बटणं नसतात, होम-एंड नसतात आणि डिलीटही एफएनच्या आड गेलेलं असतं. इंग्रजीत डिलीटवाचून फारसं अडत नाही. मराठीत अडतं. विंडोजवर बॅकस्पेस मराठी अक्षराचा एकेक तुकडा खोडतं, म्हणजे आधी वेलांटी, मग व्यंजन. डिलीट अख्खं जोडाक्षर एका फटक्यात उडवतं. मजकूर तपासताना हा फरक दर मिनिटाला जाणवतो.

आकड्यांची ओळही नसलेला, त्याहून लहान कीबोर्ड इनस्क्रिप्टवाल्यांनी, म्हणजे देवनागरीची प्रमाण मांडणी वापरणाऱ्यांनी, घेऊच नये. ज्ञ, त्र, क्ष आणि श्र शिफ्टसह ५, ६, ७ आणि ८ वर आहेत. आणि तुमचं काम कृतिदेवसारख्या जुन्या फॉन्टमध्ये चालत असेल, तर उजवीकडचा नंबरपॅड हवाच. त्या फॉन्टमधली कित्येक चिन्हं ऑल्ट धरून नंबरपॅडवर आकडे दाबल्याशिवाय येत नाहीत, वरच्या ओळीतले आकडे तिथे चालत नाहीत. बाकी गेम आणि रोजचं काम दोन्ही असणाऱ्याने ७५ टक्के किंवा ८७ बटणांचा टीकेएल (नंबरपॅड नसलेला) घ्यावा, असं मी ठामपणे सांगतो.

देवनागरी स्टिकरबद्दल थोडं. ते लावले की बटणांखालचा प्रकाश झाकला जातो आणि पीबीटी प्लॅस्टिकच्या खरखरीत कीकॅपवर, म्हणजे बटणांच्या टोप्यांवर, ते धड चिकटतही नाहीत. इनस्क्रिप्टचा तक्ता छापून दोन आठवडे स्क्रीनशेजारी लावा, बोटं आपोआप शिकतात.

ऐकून किंवा रंग बघून स्विच निवडणं

निळा, तपकिरी, लाल ही नावं चेरी कंपनीच्या एमएक्स स्विचवरून रुळली. बाकीच्या कंपन्याही साधारण तेच रंग वापरतात, पण वजन आणि स्पर्श अगदी तोच असेल असं नाही. चेरीचा लाल ४५ ग्रॅमच्या आसपासच्या जोराने दबतो आणि २ मिलिमीटर खाली गेला की बटण दाबल्याची नोंद होते. मध्ये कुठेही अडथळा लागत नाही. तपकिरीत हलकी गाठ लागते. निळ्यात गाठ आणि खटका दोन्ही असतात, पण त्याचं बटण पुन्हा तयार व्हायला नोंदीच्या जागेपेक्षा बरंच वर यावं लागतं, म्हणून एकच बटण झपाट्याने दोनदा दाबायच्या गेममध्ये तो हात अडवतो.

शिवाय आवाज. दोन खोल्यांच्या घरात रात्री अकरानंतर निळ्या स्विचवर खेळणं म्हणजे घरच्यांची झोप घालवणं आहे. माझा पहिला कीबोर्ड निळाच होता. महिन्याभरात तो मी दिवसाच्या टायपिंगपुरता ठेवला, कारण पलीकडच्या खोलीत आईला खरोखरच त्रास होत होता. दोन्ही कामांसाठी एकच हवा असेल तर माझं मत तपकिरीला किंवा आवाज दाबलेल्या लिनिअर (लालसारख्या, बिनगाठीच्या) स्विचला. १.२ मिलिमीटरवर नोंद होणारे स्पीड स्विच गेममध्ये आवडतात, पण लिहिताना नुसतं बोट टेकलं तरी अक्षर पडतं.

चुंबकीय, म्हणजे हॉल इफेक्ट कीबोर्ड घेणार असाल तर दोन गोष्टी ध्यानात ठेवा. त्यात नेहमीचे एमएक्स स्विच बसवून उपयोग होत नाही, नोंद चुंबकावर होते. आणि विरुद्ध दिशेची दोन बटणं एकत्र दाबली तर शेवटचंच धरायचं, ही स्नॅप टॅपसारखी सोय काउंटर-स्ट्राइक २ खेळताना बंद ठेवा. ऑगस्ट २०२४ पासून, हा गेम बनवणाऱ्या व्हॉल्व्ह कंपनीच्या अधिकृत सर्व्हरवर ती ओळखली गेली की खेळाडूला सामन्यातून काढलं जातं.

एक अक्षर दोनदा उमटतं

सर्वांत जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच आहे आणि सर्वांत घाईने चुकीचं निदानही इथेच होतं. आधी नीट पाहा, अक्षर दोनदाच येतं की ‘ककककक’ अशी रांग लागते?

रांग लागत असेल तर स्विचचा दोष बहुधा नाही. बिनतारी जोडणीत बटण सोडल्याचा निरोप वाटेत हरवतो आणि संगणकाला वाटतं बटण अजून दाबलेलंच आहे. डोंगल, म्हणजे संगणकाला लावायचा छोटा रिसीव्हर, कॅबिनेटच्या मागे, यूएसबी ३.० पोर्टच्या शेजारी असेल तर हे हमखास होतं, कारण त्या पोर्टचा विद्युत गोंगाट नेमका २.४ गिगाहर्ट्झच्या आसपास असतो. छोटी एक्स्टेन्शन वायर घेऊन डोंगल टेबलावर आणा. वायर लावून तक्रार थांबली, तर निदान पक्कं.

फक्त दोनदाच येत असेल तर तो स्विचमधल्या धातूच्या पट्ट्यांचा थरथराट आहे. इनस्क्रिप्टमध्ये तो लगेच ओळखू येतो. डी वर हलन्त असतं, ते दोनदा पडलं की बहुतेक ठिकाणी ठिपक्यांचं वर्तुळ दिसतं. फोनेटिकमध्ये मात्र तो लपून बसतो : ‘दर’ लिहायला जावं आणि इंग्रजी ए (a) दोनदा पडल्यामुळे ‘दार’ उमटावं. माणूस स्वतःच्या टायपिंगला दोष देत राहतो.

हॉट-स्वॅप कीबोर्ड (ज्यात स्विच सोल्डरिंगशिवाय काढता-घालता येतात) असेल तर वायर काढा, संशयित स्विच उपटून दुसऱ्या बटणाच्या जागी बसवा आणि तिथला इकडे आणा. दोष स्विचबरोबर गेला तर स्विच बदला, काम थोडक्यात होतं. दोष जागेवरच राहिला तर खालचं सॉकेट किंवा सर्किट पाहावं लागेल, आणि वॉरंटीत असेल तर उघडू नका. सॉफ्टवेअरमध्ये डीबाउन्सचा, म्हणजे असा थरथराट किती वेळ दुर्लक्षित करायचा त्याचा, आकडा असेल तर थोडा वाढवून पाहता येतो. क्यूएमके या कीबोर्डच्या खुल्या फर्मवेअरमध्ये तो मुळात ५ मिलिसेकंद असतो. वाढवला की थरथराट गाळला जातो, पण फार वाढवू नका, गेममध्ये उशीर जाणवायला लागेल.

स्विच बदलल्यावर एखादं बटण मेलंच तर घाबरू नका, बहुतेक वेळा स्विचचा एक धातूचा पाय दुमडलेला असतो. स्विच काढा, चिमट्याने पाय सरळ करा, अगदी उभा धरून पुन्हा बसवा. तिरका दाबला की पाय वाकतो आणि जोर लावला तर खालचं सॉकेटच निघून येतं. काही जुन्या स्वस्त हॉट-स्वॅप कीबोर्डांत फक्त आउटेमू कंपनीचे बारीक पायांचे स्विच बसतात, नवे मागवण्यापूर्वी ते तपासा.

मनगट दुखतं

मेकॅनिकल कीबोर्ड लॅपटॉपच्या कीबोर्डपेक्षा बराच उंच असतो. त्यात मागचे पाय उभे केले की मनगट वर मोडतं. पाय आधी मिटवा, खुर्ची थोडी वर घ्या, हातांखाली मनगटाची गादी ठेवा. बटण तळापर्यंत ठोकायची जुनी सवयही सोडा, नोंद अर्ध्या वाटेतच झालेली असते. दोन-तीन आठवडे चुका वाढतात, मग हात बसतो. मात्र या काळात कुणाची टायपिंगची सरकारी परीक्षा असेल, तर परीक्षेपुरता सराव साध्या, रबरी पडद्याच्या मेम्ब्रेन कीबोर्डवरच ठेवा, केंद्रावर बहुधा तोच समोर येतो.

चहा सांडला तर

आधी वायर काढा. बॅटरीचा असेल तर बंद करा आणि लगेच उलटा करा. पुसण्यात वेळ घालवू नका आणि चालतो का बघायला पुन्हा लावूही नका, शॉर्ट होण्याचा धोका तेव्हाच असतो. कीकॅप काढून कोमट साबणपाण्यात टाका. साखर चिकटलेले स्विच आयसोप्रोपिल अल्कोहोलने धुता येतात. ॲसिटोन किंवा नेलपॉलिश रिमूव्हर अजिबात नको, प्लॅस्टिक विरघळतं. पंख्याखाली किमान दोन दिवस सुकू द्या. पावसाळ्यात कोकणात तीन.