केल्टिक कॅलेंडरमध्ये शनी शोधताय? या चुका टाळा

केल्टिक कॅलेंडर (युरोपातल्या प्राचीन केल्ट लोकांचं) आणि ग्रहांची गती यावर हल्ली बरेच जण लिहितात, छान आहे, पण त्याच त्या चुका परत परत बघून आता कंटाळा आलाय म्हणून एकदाच लिहून टाकतो.

30 हा आकडा दिसला की लगेच शनी म्हणायचं नाही. प्लिनी या रोमन लेखकाने लिहून ठेवलंय की ड्रुइड, म्हणजे केल्ट लोकांचे पुरोहित, 30 वर्षांचं एक युग मोजायचे, आणि शनीची एक फेरी साधारण साडेएकोणतीस वर्षांची, मग लोकांना वाटतं जुळलं की! अहो पण खरं गॉलिश, म्हणजे जुन्या फ्रान्समधल्या केल्ट लोकांचं, कॅलेंडर बघा ना आधी. 1897 मध्ये फ्रान्समध्ये कोलिन्यीला ब्राँझच्या पत्र्याचे तुकडे सापडले, आता लियाँच्या म्युझियममध्ये आहेत, त्यावर पाच वर्षांचे महिने आहेत, दिवस आहेत, पंधरवडे आहेत, ग्रह एकही नाही. आणि 30 तर चंद्र-सूर्यावरूनच निघतात: पाच वर्षांचे 62 चांद्रमास म्हणजे जवळपास 1831 दिवस, सूर्याची पाच वर्षं 1826 दिवसांची, पावणेपाच दिवस जास्त झाले. असं सहा वेळा झालं की 28 दिवस, म्हणजे 30 वर्षांत एक अधिक महिना गाळला की 371 महिन्यांत हिशोब पुन्हा जागेवर. ते असंच करायचे असा लेखी पुरावा नाही, पण शनीशिवाय 30 येतात एवढं तरी यातून दिसतं. प्लुटार्कने ब्रिटनच्या पलीकडच्या लोकांबद्दल लिहिलंय की दर 30 वर्षांनी शनी वृषभेत आला की ते जहाजं पाठवायचे, ते जरूर वाचा, पण ती एका ग्रीक लेखकाने सांगितलेली गोष्ट आहे हे धरून वाचा.

दुसरी चूक अधिक महिना फेकून देण्याची, आणि ही मराठी माणसाने करावी याचं मला खरंच वाईट वाटतं. एका हुशार मुलाने मला एक्सेल शीट पाठवली होती, बारा गॉलिश महिने, बारा राशी, समोरासमोर मांडलेल्या, वर गुरूचं भ्रमण, रंगबिरंगी, मेहनत दिसत होती. पण जास्तीचे दोन महिने त्याने काढूनच टाकले होते, का तर राशींशी जुळत नाहीत! मग 354 दिवसांचं वर्ष दरवर्षी अकरा दिवस मागे सरकत गेलं आणि 1 नोव्हेंबरला धरलेला साविन (Samhain) हा केल्टिक सण सहाव्या वर्षी सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात जाऊन पडला. तो दोन दिवस फॉर्म्युले तपासत बसला, चूक फॉर्म्युल्यात नव्हतीच. कोलिन्यीत एक अधिक महिना पहिल्या वर्षाच्या सुरुवातीला आणि दुसरा तिसऱ्या वर्षाच्या मध्यावर येतो, अडीच वर्षांचं अंतर. आपल्या वेदांग ज्योतिषातही पाच वर्षांचं युग आणि 62 चांद्रमासच आहेत, त्यामुळे हे आपल्याला परकं वाटायलाच नको. मी तर कॉम्प्युटर उघडायच्या आधी कागदावर पेन्सिलने 62 च्या 62 महिने लिहून काढतो, 30 दिवसांचे कुठले, 29 चे कुठले सगळं. ज्याला एवढाही धीर नाही त्याने ग्रह जुळवायला घेऊ नयेत असं माझं स्पष्ट मत आहे.

तेरा महिन्यांना तेरा झाडांची नावं देणारं कॅलेंडर प्राचीन नाही, रॉबर्ट ग्रेव्ह्ज या इंग्रज कवींनी ते 1948 मध्ये मांडलं.

आठ सणांचं चक्रही विसाव्या शतकातलं, जुन्या आयरिश लिखाणात मोठे सण चारच.

इंग्लंडमधल्या स्टोनहेंजचे मोठे दगड ड्रुइडांच्या पहिल्या लेखी उल्लेखांच्या दोन हजारांहून जास्त वर्षं आधीचे आहेत, तिथून केल्टिक तारखा काढू नका.

दिवस कधी सुरू होतो हेही बघा. सीझर सांगतो की गॉल लोक आधी रात्र धरायचे, मग दिवस, म्हणजे सण आदल्या संध्याकाळीच लागतो, सूर्योदयापासून मोजायची आपली सवय इथे चालत नाही.

आणि महिना अमावास्येनंतर लगेच सुरू झाला असं परस्पर धरू नका. प्लिनीच्या म्हणण्याप्रमाणे त्यांचे महिने, वर्षं आणि ती 30 वर्षांची युगंसुद्धा चंद्राच्या सहाव्या दिवशी सुरू व्हायची, म्हणजे आपली शुद्ध षष्ठी. मी पंचांगात ती षष्ठी शोधतो, पेन्सिलने खूण करतो आणि तिथून पुढे मोजायला लागतो.