नामिबवर बलून उडवताना: उतरायची जागा आधी

नामिबच्या वाळवंटात बलूनचा वैमानिक होऊ इच्छिणाऱ्याने उड्डाणाच्या आधी उतरण्याचा विचार करायला शिकावे, असे मी अनुभवावरून सांगेन. नामिबियातील हे वाळवंट जगातील सर्वांत जुन्या वाळवंटांपैकी एक मानले जाते. सॉसुसव्लेईच्या तांबूस टेकड्या ज्या वाळूच्या सागराचा भाग आहेत, त्याला 2013 साली युनेस्कोने जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली. या टेकड्यांच्या पूर्वेला खडीची विस्तीर्ण मैदाने आहेत. पाऊस इतका कमी, की तेथे एकदा उमटलेला गाडीच्या चाकांचा माग कित्येक दशके पुसला जात नाही. त्यामुळे बलूनच्या मागोमाग जमिनीवरून येणारी आपली गाडी ठरलेली वाट सोडत नाही आणि त्या वाटेच्या जवळ येऊन टेकणे ही वैमानिकाची जबाबदारी ठरते.

मी या कामाला लोणावळ्याजवळच्या माळावर दोर धरणारा मदतनीस म्हणून सुरुवात केली. परवान्यासाठी आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेच्या निकषांनुसार किमान 16 तासांचे उड्डाण आणि आठ आरोहणे लागतात, त्यांपैकी एक एकट्याने करावे लागते. देशागणिक नियम याहून कडक असू शकतात आणि प्रवासी नेण्यासाठी अनुभव अधिक लागतो. मात्र माझ्या मते खरे शिक्षण पंखा लावणे, सिलिंडर जोडणे आणि कापड घडी करणे या कामांतच होते, म्हणून ती कामे हलकी समजू नयेत.

प्रवासी बलूनमध्ये सुमारे दहा हजार घनमीटर हवा मावते आणि तापलेली असली तरी तिचे वजन आठ-नऊ टन भरते. एवढे वस्तुमान आज्ञा लगेच पाळत नाही. सुरुवातीच्या एका उड्डाणात बलून खाली जात असताना मी बर्नर पेटवला, फरक दिसेना म्हणून पुन्हा पेटवला, तिसऱ्यांदा हात उचलला तेव्हा प्रशिक्षकांनी मनगट धरले आणि म्हणाले, "पहिल्या ज्योतीचं उत्तर अजून आलेलं नाही." काही सेकंदांनी आम्ही वर सुटलो, थांबेचना. तेव्हापासून ज्योत दिल्यावर मी मनात आकडे मोजतो.

दिशा बदलण्याचे साधन आपल्या हाती नसते. वेगवेगळ्या उंचीवरचे वारे शोधणे एवढेच असते. पहाटे अंधारात हेलियमचा लहान फुगा दिवा बांधून सोडतात आणि होकायंत्रावर त्याचा मार्ग पाहतात. उत्तर गोलार्धात वर जाताना वारा साधारणतः उजवीकडे वळतो, दक्षिणेत तो डावीकडे वळतो. भारतात शिकून आलेल्याला ही सवय उलटी करावी लागते, आणि मला तर तिला पूर्ण मोसम लागला. शिवाय रात्री गार झालेली हवा पूर्वेच्या डोंगरउतारांवरून खाली वाहत येते व बलूनला पश्चिमेच्या टेकड्यांकडे ढकलते, जिथे गाडी पोहोचूच शकत नाही. अशा सकाळी वरच्या थरात निराळा वारा मिळाला नाही, तर उड्डाण रद्द करावे. आदल्या रात्रीपासून वाट पाहणारे प्रवासी हिरमुसतात, त्यांची मला मनापासून खंत वाटते, तरीही निर्णय बदलू नये.

खाली येताना आमचे एक जुने वैमानिक टोपलीबाहेर थुंकत आणि तो थेंब कुठे वळतो ते टक लावून पाहत. पहिल्यांदा मला ते विचित्र वाटले. पण जमिनीलगतचा वारा दाखवणारे याहून हाताशी असलेले साधन नाही. टेकडीच्या माथ्यामागे मात्र खाली उड्डाण करू नये, कारण तिथली हवा खाली दाबते. उन्हाने वाळू तापली की वर उसळणाऱ्या हवेत ताबा सुटतो, म्हणून सूर्योदयानंतर तासाभरात जमिनीवर यावे.

गाडीची वाट डोळ्यांत ठेवून, टोपली टेकताच गरम हवा बाहेर सोडणारी वरची झडप ओढावी. कापड पडताना काटेरी झुडूप टाळावे आणि ते उचलून वाटेपर्यंत खांद्यावर न्यावे. शंभर पावले चालावी लागली तरी चालतील, पण गाडी आत बोलावू नये.