लॉबीत पाऊल टाकण्याआधी: नव्या एएलपीसाठी रेल्वेची बोली

असिस्टंट लोको पायलटचं जॉइनिंग हातात पडलं की पोरं नियमपुस्तक आणि लोकोचे भाग पाठ करायला बसतात. ते करावंच लागतं. पण पहिल्यांदा क्रू लॉबीत, म्हणजे गाडीवरच्या माणसांच्या हजेरीच्या जागेत, उभं राहिलं की समोरचं निम्मं बोलणं डोक्यावरून जातं. मी मध्य रेल्वेत भुसावळच्या बाजूला काम शिकलो, त्यामुळे तिथल्या बोलीवरूनच सांगतो.

लॉबीत आधी दारू तपासायच्या मशीनमध्ये फुंकायचं, मग 'साइन ऑन', म्हणजे ड्यूटीवर हजेरी. मेल-एक्सप्रेसवाल्यांची 'लिंक' असते, म्हणजे कोणती गाडी कधी ते ठरलेलं. मालगाडीवाल्याला लिंक नाही, त्याला 'कॉल' येतो, मग ती जेवणाची वेळ असो की रात्रीचे 2. हा शब्द घरच्यांना आधीच समजावून ठेवा. 'स्पेअर जातोय' म्हणजे माणूस रिकामा आहे असं नाही. तो ड्यूटीवरच असतो, फक्त दुसऱ्याच्या गाडीत बसून आपल्या कामाच्या ठिकाणी चाललेला असतो. 'लाइट' म्हणजे मागे डबे नसलेलं एकटं इंजिन. 'डीजे'चा वरातीशी संबंध नाही, तो इंजिनाचा मुख्य सर्किट ब्रेकर. न्यूट्रल सेक्शनच्या, म्हणजे वरच्या तारेत वीज नसलेल्या तुकड्याच्या, अलीकडे तो उघडायचा (वीज तुटते), पलीकडे गेल्यावर बंद करायचा (वीज जोडली जाते). पाट्या लावलेल्या असतात.

'अप' आणि 'डाउन'मध्ये नवीन माणूस हमखास गोंधळतो. आपल्याकडे मुंबईकडे येणारी ती अप, मुंबईहून जाणारी ती डाउन. चढ-उताराचा प्रश्नच नाही. कसाऱ्याहून 1:37 चा (37 मीटरला 1 मीटर चढ) घाट चढत इगतपुरीला जाणारी गाडी डाउनच, आणि तिला मागून रेटणारी इंजिनं म्हणजे 'बँकर'.

खरी मेख मात्र 'ऑन' आणि 'ऑफ'ची आहे. घरातला दिवा ऑन म्हणजे चालू, सिग्नल ऑन म्हणजे अडवलेला. सिग्नल 'ऑफ' झाला की निघा. त्यातही ऑन म्हणजे लालच असं नाही: होम (स्टेशनात शिरतानाचा सिग्नल) ऑन असेल तर लाल, डिस्टंट (त्याच्या अलीकडचा, आधी सूचना देणारा) ऑन असेल तर पिवळा. सिग्नल दिसला की आधी त्याचं नाव, मग रंग मोठ्याने म्हणायचा, 'होम, डबल यलो', आणि पायलटने, म्हणजे गाडी चालवणाऱ्या लोको पायलटने, तेच परत म्हणायचं. इथे मान हलवून किंवा 'हं' म्हणून भागत नाही. पायलट कितीही जुना असो, उत्तर आलं नाही तर पुन्हा ओरडा. त्याचा राग येत नाही कोणाला, आणि आला तर येऊ दे.

'कॉशन' म्हणजे कॉशन ऑर्डर. कुठून कुठपर्यंत किती वेगाने जायचं ते त्या कागदावर असतं. 'पुढे तीसचं कॉशन आहे' म्हणजे ताशी 30 किलोमीटर. पट्टा संपला की 'टी/पी' आणि 'टी/जी' पाट्या येतात. पहिली प्रवासी गाडीसाठी, दुसरी मालगाडीसाठी. मालगाडी लांब, तिचा शेवटचा डबाही पट्ट्याबाहेर पडायला हवा, म्हणून तिची पाटी आणखी पुढे असते. टी/पी दिसली म्हणून मालगाडीचा वेग वाढवायचा नाही.

साखळी ओढली की 'एसीपी' (अलार्म चेन पुलिंग), जनावर गाडीखाली आलं की 'सीआरओ' (कॅटल रन ओव्हर). असं काही झालं की जागा सांगायची ती खांबाच्या आकड्यावरून, '112 बाय 4' अशी, म्हणजे किलोमीटर 112, खांब 4. 'त्या पुलाच्या पुढे' असं सांगून कंट्रोलला (गाड्यांवर नजर ठेवणाऱ्या ऑफिसला) काही कळत नाही. माझं मत सरळ आहे: रनिंग रूममध्ये, म्हणजे आमच्या विश्रांतीच्या खोलीत, हवी ती बोली चालते, वॉकीवर (वॉकीटॉकीवर) मात्र पुस्तकातलेच शब्द.

अपवाद एकच. 2022 पासून गार्डचं पदनाम 'ट्रेन मॅनेजर' झालं, पण जुन्यांच्या तोंडी अजून 'गार्डसाहेब'च आहे. वॉकीवरसुद्धा तशी हाक गेली तरी पलीकडून 'बोला पायलट' येतंच.