पिक्चर बघून कॅमेरा शिकायचाय? एकच सीन धरा आणि फोडा

कॉलेजचं प्रोजेक्ट आलं की आपल्या बेळगावातली पोरं पहिलं काय करतात तर गिंबल (चालताना कॅमेरा हलू न देणारा दांडा) कुणाकडं मिळतोय ते शोधत सुटतात, लग्नाचं शूटिंग करणाऱ्याला फोन, भाडं किती, ड्रोन आहे काय, आणि स्क्रिप्ट अजून व्हॉट्सॲपवर चार ओळींची. थांबा की जरा. आधी एक पिक्चर घ्या, त्यातला दोन-तीन मिनिटांचा एकच सीन घ्या आणि तो फोडा. अख्खा पिक्चर बघून कॅमेरा शिकता येत नाही, स्टोरी ओढून नेते, आपण डोळे पुसत बसतो आणि कॅमेरा कुठं होता ते ध्यानातच राहत नाही.

फोडायचं म्हणजे काय, तर पहिल्यांदा नुसतं बघायचं, दुसऱ्यांदा आवाज बंद करून, आणि तिसऱ्यांदा वही घेऊन, प्रत्येक कटला, म्हणजे एक शॉट संपून दुसरा लागतो तिथं, पॉज. लॅपटॉपवर व्हीएलसी प्लेअर असेल तर इंग्रजी E दाबलं की एकेक फ्रेम पुढं सरकते, यूट्यूबवर पॉज करून फुलस्टॉपचं बटण दाबा, तेच होतं, स्वल्पविरामानं मागं जातं. वहीत रकाने पाडा, शॉट किती सेकंदाचा, लाँग की मिड की क्लोज (माणूस अख्खा दिसतोय, कमरेपर्यंत की नुसता चेहरा), कॅमेरा डोळ्याच्या उंचीला की खाली की वर, हलला काय, उजेड कुठल्या बाजूनं, आणि कट कशावर मारलाय, कुणी बघितलं म्हणून, कुणी बोललं म्हणून की कुणी उठलं म्हणून. हा शेवटचा रकाना सगळेच रिकामा सोडतात आणि खरं शिक्षण त्यातच आहे.

सुरुवातीला चैतन्य ताम्हाणेंचा 'कोर्ट' घ्या, २०१४ चा, कॅमेरा मृणाल देसाईंचा. त्यातला कोर्टरूमचा कुठलाही सीन. पोरं म्हणतात ह्यात काय शिकायचं, कॅमेरा तर नुसता ठेवून दिलाय. होय की, तेच शिकायचंय! कॅमेरा हलत नाही म्हटल्यावर फ्रेमच्या आतली माणसं नीट लावावी लागतात, पुढं कोण, मागं कोण बसून जांभया द्यायलाय, दारातनं कोण आत यायलाय, आणि बघणाऱ्याला कुठं बघायचं ते त्याचं त्याला ठरवू द्यायचं. ह्याची प्रॅक्टिस फुकटात होते. संध्याकाळी खडेबाजारात एका कडेला ट्रायपॉडवर मोबाईल लावा, मित्राला लांबनं गर्दीतनं चालत यायला सांगा, आणि तो जवळ येईपर्यंत कट नाही, पॅन (कॅमेरा डावी-उजवीकडं वळवणं) नाही, काही नाही. कंटाळवाणं झालं तर कॅमेरा हलवू नका, माणसाची वाट बदला.

दुसरा 'फँड्री', नागराज मंजुळेंचा, २०१३. शेवटाकडं घरची माणसं डुक्कर काठीला बांधून नेतात आणि मागच्या भिंतीवर आंबेडकर, सावित्रीबाई, शाहू महाराजांची चित्रं आहेत. एक शब्द बोललेला नाही, भिंतच बोलते. आपल्याकडं तर हे जास्तच सांभाळायला पाहिजे, कारण माणसाच्या मागं मराठी पाटी आली की कन्नड आली की दोन्ही, ह्यावरनं सुद्धा बघणारा अर्थ काढतो, मग तुमच्या मनात असो वा नसो. म्हणून फ्रेम लावताना हिरोईनच्या चेहऱ्याच्या आधी तिच्या मागं काय आहे ते बघा.

लाईटवर मात्र जरा जास्त वेळ घालवा, कारण मोबाईलच्या शूटिंगमध्ये सगळ्यात आधी लाईटच उघडा पडतो. सत्यजित राय यांच्या 'अपराजितो'त (१९५६) बनारसच्या घरातला चौक स्टुडिओत सेट लावून केला होता, आणि कॅमेरामन सुब्रत मित्रांनी वरनं पांढरं कापड ताणून त्यावर लाईट मारून तो उजेड खाली परतवला, त्यामुळं आभाळातनं येतो तसा मऊ उजेड पडला, सावल्या कडक नाहीत. तुमच्याकडं शहापूरला कुणाचं जुनं घर असेल, मधी चौक असेल, तर निम्मं काम झालंच म्हणा. नसेल तर पांढरी चादर, दोन क्लिपा आणि एक एलईडी. चादर माणसाच्या बाजूला, लाईटचं तोंड चादरीकडं, माणसाकडं नव्हे.

आणि 'कागज के फूल' (१९५९) मधला तो उजेडाचा झोत तर बघाच. व्ही. के. मूर्ती आपल्या म्हैसूरचे, फाळके पुरस्कार मिळालेले पहिले कॅमेरामन, त्यांनी मोठे आरसे लावून ऊन आत आणलं होतं. कपाटाच्या आरशानं हे घरी होतं, अंधारी खोली पाहिजे आणि थोडा उदबत्तीचा धूर, कारण हवेत धूर-धूळ नसेल तर झोत दिसतच नाही. झोत यायची फट तेवढी सोडून खिडक्या बंद ठेवा आणि फॅन बंद, नाहीतर धूर पाच मिनिटांत गायब.

आता सेटिंग. आपल्याकडं करंट ५० हर्ट्झचा, त्याच्या तालावर ट्यूबलाईट लुकलुकते, म्हणून सेकंदाला २५ फ्रेमनं शूट करा आणि मोबाईल कॅमेऱ्याच्या प्रो मोडमध्ये शटर (एका फ्रेमला उजेड किती वेळ आत घ्यायचा ते) १/५० सेकंद ठेवा. वडगावला मागाच्या शेडमध्ये ट्यूबलाईटखाली शूट करायचं असेल तर हे आधी करा, नाहीतर व्हिडिओत पट्टे पळतात आणि एडिटिंगमध्ये ते काढताना जीव जातो. बाहेर उन्हात १/५० ला सगळं पांढरंफट्ट होईल, तेव्हा सकाळी लवकर किंवा सावलीत. फोकस आणि एक्स्पोजर (चित्र किती उजळ ते) लॉक करा, नाहीतर माणूस हलला की चित्र उजळतंय, काळं पडतंय. क्लोजअपला वाइड लेन्स तोंडाजवळ नेऊ नका, नाक फुगतं, दोन पावलं मागं जा आणि २एक्स झूम लावा.

दोघांचं बोलणं असेल तर दोघांमधनं एक रेघ आहे समजा आणि कॅमेरा तिच्या एकाच अंगाला ठेवा, पलीकडं गेला की दोघंही एकाच दिशेला बघायलेत असं दिसतं. आवाज बंद करून बघितल्यावर हे लगेच पकडता येतं.

लोकेशनचं सांगून ठेवतो. कॅम्प भाग मिलिटरीचा, तिथं विचारल्याशिवाय कॅमेरा काढू नका, आणि सांबऱ्याकडं एअरपोर्ट आणि एअरफोर्स दोन्ही, तिकडं ड्रोनचं नावच नको. बाजारात दुकानदाराला आधी सांगितलं की बहुतेक जण हो म्हणतात, चहा पण देतात.

हे सगळं झाल्यावर फोडलेल्या सीनमधली एकच गोष्ट उचला, एकच, कॅमेऱ्याची उंची म्हणा किंवा कट मारायची जागा म्हणा, आणि ती तुमच्या स्टोरीत लावून एक टेस्ट सीन काढा. मग त्या टेस्टचा पण तसाच तक्ता करा, त्याच रकान्यांत, आणि दोन्ही वह्या शेजारी ठेवून बघा. बहुतेकांचे शॉट पिक्चरमधल्या शॉटच्या निम्म्या लांबीचे निघतात, घाईनं कट मारलेले. जुलै-ऑगस्टात सबमिशन असेल तर टेस्ट मे महिन्यातच उरकून घ्या, एकदा आपला पाऊस लागला की आउटडोअर विसरा.