पोकेमॉन गो: फास्ट अटॅक निवडताना भागाकार करा

ट्रेनर बॅटलसाठी (दोन खेळाडूंमधली लढत) फास्ट अटॅक (पुन्हा पुन्हा मारायचा, एनर्जी साठवून देणारा झटपट हल्ला) निवडताना नुसत्या डॅमेजच्या आकड्यावर जाऊ नका. आधी तो किती टर्न खातो ते बघा. एक टर्न म्हणजे 0.5 सेकंद. डॅमेज आणि एनर्जी, दोन्हींना टर्नच्या संख्येने भागा. खरी ताकद तिथे दिसते.

लॉक-ऑन हा फास्ट अटॅक एका टर्नचा. डॅमेज जेमतेम 1, पण एनर्जी 5. त्यामुळे 50 एनर्जीचा चार्ज्ड अटॅक (साठलेली एनर्जी खर्चून मारायचा मोठा हल्ला) 10 टर्नमध्ये, म्हणजे 5 सेकंदांत तयार. इन्सिनरेट हा दुसरा फास्ट अटॅक 5 टर्न घेतो आणि 20 एनर्जी देतो, म्हणजे टर्नला 4. त्याच 50 साठी तो तीनदा मारावा लागतो: 15 टर्न, वर 10 एनर्जी शिल्लक. दुबळा वाटणारा लॉक-ऑन मला म्हणूनच फार मोलाचा वाटतो.

मात्र शील्ड (बचावाची ढाल) फक्त चार्ज्ड अटॅक अडवते. जबर फास्ट अटॅकचा मार थेट बसतो, त्याला शील्ड नाही. समोरच्याकडे शील्ड शिल्लक असताना हे फार कामी येतं.

रेडमधले (खेळाडू मिळून एका बलाढ्य पोकेमॉनशी लढतात त्या लढाईतले) आकडे इथे लावू नका, ते वेगळे असतात. सीझन बदलला की ट्रेनर बॅटलचेही काही बदलतात, तेव्हा टीम ठरवण्याआधी भागाकार पुन्हा करा.