या चुका टाळा: वाडीवरची सौरयोजना पावसाळ्यात का बंद पडते?

माण-खटावमध्ये उत्तम चाललेली सौरयोजना जशीच्या तशी जावळी-पाटणच्या डोंगरात नेऊन बसवणं, ही सातारा जिल्ह्यात सगळ्यात महागात पडणारी चूक. माणमधल्या म्हसवडला पावसाळ्यातही बऱ्यापैकी ऊन असतं. डोंगरातल्या कांदाटी खोऱ्यात (महाबळेश्वर तालुका) जुलै-ऑगस्टमध्ये दिवसचे दिवस सूर्यदर्शन नाही. तिथे वर्षाच्या सरासरी उन्हावर हिशेब मांडला, की ऐन पावसात वाडी अंधारात. मग बॅटऱ्या वाढवल्या जातात, पण त्या भरणार कशानं?

त्याच दिवसांत शेजारचा ओढा मात्र धो धो वाहत असतो. त्याचं पाणी पाइपातून 200 लिटरच्या पिंपात सोडा. पिंप 20 सेकंदांत भरलं, तर सेकंदाला 10 लिटर. वरून खाली 20 मीटर उतार असेल, तर निम्मी ताकद वाया गेली असं धरूनही छोट्या टर्बाइनवर, म्हणजे पाण्याच्या जोरानं फिरून वीज करणाऱ्या चाकावर, साधारण 1 किलोवॅट वीज मिळते, तीही रात्रंदिवस. म्हणजे दिवसाला 24 युनिट! एवढ्यासाठी चांगल्या उन्हातसुद्धा पाच-सहा किलोवॅटचे पॅनेल लागतात. उन्हाळ्याकडे ओढा आटतो, तेव्हा ऊन कडक असतंच. म्हणून डोंगरातल्या वाडीला दोन्ही हवं, असं माझं ठाम मत आहे. फक्त मोजणी एकट्या जुलैत करू नका, दिवाळीनंतरही करा. आणि पाइपाच्या तोंडाला जाळी हवीच, नाहीतर पालापाचोळ्यानं टर्बाइन अडतं.

चाळकेवाडीच्या पठारावर पवनचक्क्या फिरतात म्हणून खालच्या दरीत एखादी उभारू नका. वाऱ्याचा वेग निम्मा झाला, की ताकद आठव्या हिश्श्यावर येते.

लांबच्या घरातले दिवे मिणमिणत असतील, तर आधी बॅटरीला दोष देऊ नका. दिवे चालू ठेवून मल्टिमीटरनं बॅटरीपाशी आणि दिव्यापाशी व्होल्टेज मोजा. 12 व्होल्टवर 100 वॅटचा भार 2.5 चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या वायरीतून 30 मीटर लांब नेला, तर वाटेतच साडेतीन व्होल्टच्या वर गळतात. 48 व्होल्टवर तोच भार नेताना एक व्होल्टही जात नाही. पैसे वाचवायला बारीक वायर घेतात, तिथेच योजना आजारी पडते.

लेड-ॲसिड बॅटरी रोज निम्म्याखाली उतरवली, तर ती लवकर मरते. इस्त्री, हीटर त्यावर नकोतच. डिस्टिल्ड वॉटरची पातळी दर महिन्याला पाहायला वाडीतलीच दोन माणसं शिकवून तयार करा. बचत गटातल्या बायका हे काम चोख करतात. नव्या बॅटरीसाठी घरटी वर्गणी दिवे लागल्याच्या पहिल्या महिन्यापासूनच सुरू करा. जुनी बसल्यावर एकदम मोठी रक्कम मागितली, तर निम्मी घरं देऊ शकत नाहीत.