तरंगलांबी काढायची कशी: आवाज, रेडिओ आणि रंग

वेग = वारंवारता × तरंगलांबी, हे सूत्र सगळ्यांना पाठ असतं (वारंवारता म्हणजे सेकंदाला किती कंपनं, ती हर्ट्झमध्ये मोजतात; तरंगलांबी म्हणजे लहरीच्या लागोपाठच्या दोन शिखरांमधलं अंतर). अडतं ते यातलं कधी काय बदलतं आणि काय तसंच राहतं तिथं, म्हणून आकडे घालायच्या आधी ते ठरवून घ्यायचं.

आधी वेग, तो माध्यमावर ठरतो. २० डिग्रीला हवेत आवाज सेकंदाला साधारण ३४३ मीटर जातो, दर डिग्रीला ०.६ मीटर वाढवा, म्हणजे मे महिन्यात सांगलीत ४० डिग्री झालं की ३५५ धरायचं. पाण्यात जवळपास १४८०. प्रकाशाला ३० कोटी मीटर, आणि रेडिओलाही तेच! रेडिओतून आवाज येतो म्हणून लई पोरं तिथं ३४३ घालतात, पण त्या लहरी प्रकाशाच्याच जातीच्या.

मग वारंवारता, ती जिथनं लहर निघते तिथं ठरते. मिरजेच्या तंबोऱ्याची तार सेकंदाला २२० वेळा थरथरली की हवेतही २२० हर्ट्झच, आता ३४३ भागिले २२०, आली १.५६ मीटर. तोच सूर पाण्यात शिरला तर हर्ट्झ तेवढेच राहणार, लांबी मात्र ६.७ मीटर होणार. (तारेची लांबी मोजून हे उत्तर मिळत नाही, तारेवर लहरीचा वेग वेगळाच असतो.)

किलो (हजार), मेगा (दहा लाख) दिसलं की भागाकाराआधी हर्ट्झ करून घ्या. आकाशवाणी सांगलीचे १२५१ किलोहर्ट्झ म्हणजे १२,५१,००० हर्ट्झ, तरंगलांबी सुमारे २४० मीटर. एफएमवर १०० मेगाहर्ट्झला फक्त ३ मीटर.

रंगाचंही तेच. हवेतला ६५० नॅनोमीटरचा (नॅनोमीटर म्हणजे मीटरचा अब्जावा भाग) लाल प्रकाश पाण्यात गेला की वेग १.३३ नं भागला जातो आणि लांबी ४८९ वर येते, हवेत एवढ्या लांबीचा प्रकाश निळसर दिसतो, पण पाण्यात बुडी मारून बघितलं तरी हा लालच दिसतो, कारण वारंवारता बदललेलीच नाही.

घरी ताळा करायचाय? मोबाईलवर टोन जनरेटरचं ॲप घ्या, १००० हर्ट्झ लावा, फोन मोकळ्या भिंतीकडं तोंड करून दोनेक मीटरवर ठेवा, एक कान बंद करून दुसरा भिंतीजवळनं हळूहळू मागं आणा. भिंतीवरनं परतलेली लहर येणाऱ्या लहरीला काही जागी मारते, म्हणून आवाज मधेमधे बारीक होतो, अशा लागोपाठच्या दोन जागांमधलं अंतर म्हणजे अर्धी तरंगलांबी, साधारण १७ सेंटिमीटर यायला पाहिजे. सामान भरलेल्या खोलीत नीट कळत नाही, गच्चीवरची भिंत बरी.